कार्ताझ, कौल, दस्तक : रायगडच्या किनाऱ्यावरची कागदाची सीमा

(अलिबाग येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

अलिबागमध्ये उभं राहून समुद्राविषयी बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. समोर निम्मे लोक असे बसलेत की ज्यांना भरती-ओहोटीचं गणित माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी कागदावरचा माणूस. त्यामुळे मी आज समुद्रावर कमी आणि समुद्रावरच्या कागदांवर जास्त बोलणार आहे.

सुरुवात अलीकडच्या गोष्टीने करतो. १८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस बोट सापडली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. तुम्हाला आठवत असेल, दुपारपर्यंत सगळ्या जिल्ह्यात नाकाबंदी लागली. नंतर कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, नाव 'लेडी हान'. मस्कतच्या बाजूला इंजिन बिघडलं, लोकांची सुटका झाली, आणि रिकामी बोट पावसाळी वाऱ्यावर वाहत वाहत श्रीवर्धनला आली. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, कोर्लईसमोर रडारवर असाच एक संशयित ठिपका दिसला आणि पुन्हा तीच धावपळ झाली. तो बहुधा मासेमारीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया असावा, असा शेवटी निष्कर्ष निघाला.

या दोन्ही वेळी पहिले प्रश्न कुठले विचारले गेले ते बघा. कोणाची आहे? कुठून आली? कागद कुठं आहेत? माझं म्हणणं असं की आपल्या या किनाऱ्यावर हेच तीन प्रश्न पाचशे वर्षं विचारले जातायत. विचारणारे बदलले. आणि प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाचा, यावरून इथे लढाया झाल्या.

जमिनीवरची सीमा कशी असते? ओढा असतो, डोंगराची धार असते, मोठा दगड रोवलेला असतो. भांडण झालं तर गावातल्या म्हाताऱ्यांना उभं करून विचारता येतं. पाण्यावर दगड रोवता येत नाही. मग पाण्यावरचा राजा कोण, हे ठरवायचं कसं? तर ज्याच्या सहीशिक्क्याचा कागद दुसऱ्याच्या तारवाला खिशात बाळगावा लागतो, तो राजा. इतकं साधं आहे ते.

हा कागद इथे पहिल्यांदा पोर्तुगीजांनी आणला. त्याला ते 'कार्ताझ' म्हणायचे. गंमत म्हणजे हा शब्द मूळचा पोर्तुगीज नाही. तो अरबी 'किर्तास'वरून आलाय, आणि किर्तास म्हणजे कागदच. ज्या अरब व्यापाऱ्यांना हुसकून लावायचं, त्यांचाच शब्द उचललेला. कार्ताझमध्ये काय लिहिलेलं असायचं? तारवाचं नाव, नाखवा कोण, तारू केवढं, त्यावर हत्यारं किती, कुठल्या बंदरातून कुठे चाललंय. कुठला माल न्यायचा नाही, कुठल्या लोकांना चढवायचं नाही. आणि मुख्य अट, वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. परवान्याची फी तशी किरकोळ असे. खरी कमाई जकातीत होती. कागद नसेल किंवा कागदात लिहिल्यापेक्षा वेगळं काही सापडलं, तर तारू मालासकट जप्त. अकबरासारख्या बादशहालाही मक्केला जाणाऱ्या जहाजासाठी पोर्तुगीजांचा कार्ताझ लागत होता. त्याला वर्षाला एक फुकट मिळायचा, एवढाच मान. विचार करा, आग्र्याला बसलेला हिंदुस्थानचा बादशहा, आणि समुद्रावर पाऊल टाकायचं तर परवाना गोव्याचा.

तिकडे युरोपातही यावर वाद पेटला. १६०३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांचं 'सांता कातारिना' नावाचं जहाज सिंगापूरजवळ पकडलं. त्या लुटीचं समर्थन करता करता ग्रोशियस नावाच्या तरुण वकिलाने समुद्र कुणाच्याही मालकीचा नसतो, असं प्रतिपादन केलं, आणि १६०९ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. आज आंतरराष्ट्रीय सागरी कायदा शिकवताना सुरुवात तिथून करतात. पण हेच डच आणि मागोमाग इंग्रज, हातात ताकद आल्यावर स्वतःचे परवाने वाटायला लागले. समुद्र मोकळा आहे हे नेहमी ज्याच्याकडे परवाने देण्याची ताकद नाही त्यालाच आठवतं. (हशा)

आता आपल्या किनाऱ्यावर या. चौलचं बंदर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध होतं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात पहिल्यांदा उतरला तो चौललाच. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथे मारला गेला. तरीही पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत पोर्तुगीजांनी निजामशहाकडून परवानगी मिळवून रेवदंड्याला किल्ला बांधला. तेव्हापासून दोन चौल झाली. वरचं चौल निजामशहाचं, खालचं चौल म्हणजे रेवदंडा पोर्तुगीजांचं. मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या. आज रेवदंड्याहून चौलच्या रामेश्वराला रिक्षाने दहा मिनिटांत जाता; तेवढ्या अंतरात दोन राज्यं, दोन जकाती, दोन कायदे.

आणि या दोन चौलांत नुसतं वैर होतं असं समजू नका. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला वेढा दिला, कित्येक महिने तोफा चालल्या. वेढा उठला, तह झाला, आणि व्यापार पुन्हा सुरू. वरच्या चौलचे विणकर रेशमी कापड विणायचे, खालच्या चौलचे व्यापारी ते जहाजात भरायचे. १५९४ मध्ये पुन्हा लढाई, या वेळी खाडीच्या पलीकडच्या कोर्लईच्या टेकडीसाठी. निजामशहाने तिथे किल्ला उभारला, म्हणजे खाडीच्या तोंडावर तोफा रोखल्या गेल्या, तो पोर्तुगीजांनी जिंकून घेतला. त्यानंतर खाडीची दोन्ही दारं एकाच्याच हाती.

ही दाराची गोष्ट लक्षात ठेवा, कारण शिवाजी महाराजांचं आरमार का उभं राहिलं आणि कुठे अडलं, ते त्याच्याशिवाय समजत नाही.

१६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि जहाजं बांधायला काढली. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. कल्याण, भिवंडी, पनवेल, सगळी खाडीच्या पोटातली बंदरं. जहाज बांधलं तर ते समुद्रात न्यायचं कुठून? वसईच्या खाडीतून किंवा ठाण्याच्या खाडीतून. आणि दोन्हीकडे तेव्हा पोर्तुगीज बसलेले. म्हणजे घर आपलं, पण उंबरठा शेजाऱ्याचा. १६५९ मध्ये गोव्याच्या सरकारने पोर्तुगालच्या राजाला कळवलं की शहाजीच्या या मुलाने वसई आणि चौलजवळचा मुलूख घेतलाय, भिवंडी, कल्याण, पनवेल इथे लढाऊ गलबतं बांधतोय, आणि ती बाहेर पडू देऊ नयेत असा हुकूम आम्ही दिलाय. त्याच सुमाराला या जहाजबांधणीवर महाराजांकडे काम करणारे कोण होते? तर रुई लैतांव व्हिएगश आणि त्याचा भाऊ, हे पोर्तुगीजच. त्यांच्याबरोबर बायकामुलं, नोकरचाकर धरून बरेच लोक होते. वसईच्या कप्तानाने त्यांना गुपचूप निरोप पाठवून फोडलं आणि ते काम टाकून रातोरात निघून गेले. महाराजांच्या आरमाराची पहिली पानं अशी आहेत. सीमेच्या अलीकडचा कारागीर, पलीकडचा धनी, आणि मध्ये एक निरोप.

हे आपल्याला कसं माहीत? इथे मला ज्यांच्याविषयी खरं तर आज बोलायचं होतं त्यांचं नाव घेतो. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर. जन्म १८९४ चा, गोव्यात सत्तरीतल्या पिसुर्ल्याचा. मृत्यू १९६९. महाराष्ट्रात त्यांचं नाव जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, हे मला नेहमी खटकतं. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या दफ्तरखान्याचे ते अनेक वर्षं प्रमुख होते. तो दफ्तरखाना साधा नव्हे. १५९५ मध्ये त्याची स्थापना झाली, इतिहासकार दियोगु द कोउतु त्याचा पहिला रखवालदार. तिथे 'मोसमांची पुस्तकं' आहेत, चारशेहून जास्त खंड. दर मोसमी वाऱ्याबरोबर लिस्बनहून येणारी आणि लिस्बनला जाणारी पत्रं त्यात बांधलेली. कार्ताझच्या नोंदवह्या आहेत. आणि एक मालिका आहे तिचं नावच फार छान आहे, 'शेजारचे राजे'. निजामशहा, आदिलशहा, शिवाजीराजे, आंग्रे, पेशवे, सोंधेकर, सावंत, सगळे त्यात 'शेजारी'. शत्रूंची यादी म्हणून नाही, शेजाऱ्यांचा पत्रव्यवहार म्हणून ती पुस्तकं बांधलीत. परराष्ट्र धोरण हा शब्द आपण आता वापरतो, त्यांनी शेजार म्हटलं.

पिसुर्लेकरांनी १९२६ पासून 'पोर्तुगेझिश ए माराताश' ही लेखमाला पोर्तुगीजमध्ये लिहिली. ती पुढे मराठीत 'पोर्तुगेज-मराठे संबंध' म्हणून आली, १९६७ मध्ये, पुणे विद्यापीठातर्फे. राज्यकारभार मंडळाच्या बैठकांचे ठराव त्यांनी पाच खंडांत छापले, १९५३ ते १९५७. आता ही वर्षं बघा. १९५४-५५ मध्ये गोवामुक्तीचा सत्याग्रह चालू आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. भारत सरकारने त्यानंतर गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, वाहतूक बंद, माणसांचं जाणं-येणं परवान्यावर. आणि त्याच वर्षांत हा माणूस पणजीत बसून सतराव्या शतकातल्या सरहद्दीचे, नाकेबंदीचे आणि परवान्यांचे कागद छापतोय. खिडकीबाहेर आणि टेबलावर एकच विषय. त्यांनी यावर काही भाष्य केलं का, तर छापील पानांत ते शोधत बसू नये. ते कागद लावणारे होते, भाषण करणारे नव्हते. माझ्यासारख्याने त्यांच्याकडून हेही शिकायला हवं. (हशा)

त्यांच्या कामाचा कणा काय होता? एकच घटना दोन्ही बाजूंच्या कागदात वाचायची. मराठी साधनांत एखादा तह असतो तेव्हा तो विजयाचा दिसतो. तोच तह गोव्याच्या बैठकीच्या वृत्तांतात वाचला की कळतं, तिथे दारूगोळा संपला होता, किंवा पगार थकले होते, किंवा मुळात तह पाळायचाच नव्हता. उदाहरण दंडा-राजपुरीचं. महाराज सिद्दीवर चाल करून गेले तेव्हा पोर्तुगीज वरून मित्र. आणि आतून उत्तरेकडच्या कप्तानांना सूचना की सिद्दीला धान्य आणि मदत पोहोचू द्या, पण आपलं नाव येऊ देऊ नका. कारण उघड आहे. जंजिरा सिद्दीकडे असेपर्यंत किनाऱ्यावर तीन-चार लहान सत्ता एकमेकींना तोलून धरतात. तो महाराजांकडे गेला की तोल गेला. हे मराठी बखरीत सापडणार नाही, कारण बखरकाराला ते माहीतच नव्हतं.

त्यांचं आणखी एक पुस्तक आहे, पोर्तुगीजांच्या हिंदी वकिलांवर, १९५२ चं. मला ते सगळ्यांत आवडतं. गोव्याचा व्हाइसरॉय रायगडावर किंवा साताऱ्याला आपला माणूस पाठवायचा, तो माणूस कोण? बहुतेक वेळा गोव्यातला शेणवी. शिवकाळातला रामजी शेणवी कोठारी हे त्यातलं ठळक नाव. मराठी येणार, मोडी वाचणार, पोर्तुगीज कळणार, दोन्हीकडे सोयरेधायरे. बोलणी दोन राजांची, पण प्रत्यक्षात बसणारे दोघे एकाच भाषेत बोलणारे, कदाचित एकाच देवस्थानचे कुळावी. मग 'आपला' कोण आणि 'परका' कोण? पिसुर्लेकर स्वतः त्याच परंपरेतले म्हणायला हवेत. फरक इतकाच की ते निरोप तीनशे वर्षांपूर्वीचे आणत होते.

या साधनांचा एक धोकाही सांगायला हवा. दफ्तर नेहमी दफ्तर ठेवणाऱ्याच्या डोळ्याने बघतं. कार्ताझ न घेतलेल्या मचव्याला तिथे गुन्हेगारच म्हटलंय. तो मचवेवाला स्वतःला काय समजत होता, ते त्या पानावर नाही. तेव्हा पिसुर्लेकर वाचावेत आणि मग एकदा थळच्या किंवा रेवदंड्याच्या बंदरावर जाऊन उभं राहावं.

बरं. उंबरठ्याचा प्रश्न महाराजांनी कसा सोडवला? खांदेरी. १६७९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसात, जेव्हा इंग्रजांची जहाजं बाहेर पडायला कचरतात, तेव्हा मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरला आणि बांधकाम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांनी लगेच निरोप धाडला, हे बेट मुंबईचं आहे, निघून जा. त्या बेटावर तोपर्यंत कुणी राहत नव्हतं, कुणाला त्याची पर्वा नव्हती. वादाचं कारण बेट नव्हतंच. मुंबई बंदरात जाणारं-येणारं प्रत्येक जहाज खांदेरीवरून दिसतं. १८ ऑक्टोबरला लढाई झाली, दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब पकडली. मग सिद्दी कासम आला आणि त्याने समोरच्या उंदेरीवर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी अखेर नाद सोडला.

तेव्हापासून पुढे साठेक वर्षं आपला किनारा कसा होता, हे एकदा मोजू या. उत्तरेला मुंबई इंग्रजांची. खांदेरी मराठ्यांची, पुढे आंग्र्यांची. समोर उंदेरी सिद्दीची. कुलाबा आंग्र्यांचा. रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगीजांची. खाली जंजिरा पुन्हा सिद्दीचा, आणि सिद्दी हा मोगलांच्या आरमाराचा सरदार, म्हणजे त्याच्यामागे दिल्ली. थळपासून राजपुरीपर्यंत सरळ अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा भरत नाही. या पट्ट्यात चार सत्ता परवाने देणाऱ्या! पोर्तुगीजांचा कार्ताझ, इंग्रजांचा पास, सिद्दीचा आणि आंग्र्यांचा कौल किंवा दस्तक. एखादा व्यापारी सुरतेहून मलबारला निघाला तर त्याने किती कागद घ्यायचे? शहाणे व्यापारी सगळे घेत. आणि पुढे कुठला काढायचा ते निशाण बघून ठरवत. (हशा) हसू नका, आजही दोन-तीन खात्यांचे परवाने फायलीत ठेवून हिंडणारे लोक इथे बसलेत.

आता कान्होजी आंग्रे. इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख 'पायरेट', चाचा असा. आपल्याकडे त्याचं उत्तर म्हणून 'छे, ते महान आरमारप्रमुख' असं म्हणतात आणि विषय संपतो. मला वाटतं, विषय तिथे सुरू व्हायला हवा. कान्होजी नेमकं काय करत होते? इतर तिघे जे करत होते तेच. या पाण्यातून जायचं तर माझं दस्तक घ्या. ते शाहूंचे सरखेल होते, किल्ले त्यांच्याकडे होते, किनारा त्यांचा होता. पोर्तुगीजांनी कार्ताझ नसलेलं तारू धरलं तर ती अंमलबजावणी, आणि कान्होजींनी दस्तक नसलेलं धरलं तर चाचेगिरी, हा फरक कुठल्या न्यायाने?

इंग्रजांशी त्यांचा १७१३ मध्ये करार झाला होता. तो मोडला तो एका बारीक मुद्द्यावरून, आणि तो मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कंपनीची जहाजं सोडून द्यायची, हे कान्होजींना मान्य. पण इंग्रज आपले पास हिंदी व्यापाऱ्यांच्या मालालाही द्यायला लागले. जहाज स्थानिक, माल सुरतेच्या सावकाराचा, वर निशाण तेवढं इंग्रजांचं. हे कान्होजी कसं मानतील? मानलं तर उद्या सगळा किनारा इंग्रजी निशाण लावून फिरेल आणि आंग्र्यांच्या दस्तकाला विचारणार कोण? आज जहाजं पनामाचं किंवा लायबेरियाचं निशाण लावून फिरतात आणि मालक तिसऱ्याच देशात असतो, त्यावरून जे वाद होतात ते याच जातीचे.

त्याच काळातलं 'आज्ञापत्र' आठवा, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाचं. त्यात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा रोख असा की कौल असलेल्या तारवाला धक्का लावायचा नाही, व्यापाऱ्याला उपद्रव द्यायचा नाही. म्हणजे इकडेही नियम होते, विचार होता. नुसती धरपकड नव्हती. नियम नेहमी पाळले गेले, असं मात्र मी म्हणणार नाही. आंग्र्यांच्या लोकांनी कौल असलेली तारवंही पकडली, आणि पोर्तुगीजांनीही पकडली. पाण्यावर न्यायाधीश नसतो.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाची जहाजं घेऊन कमोडोर मॅथ्यूज आलेला, गोव्याचा व्हाइसरॉय जातीने चौलला हजर. फौज चौलहून किनाऱ्याकिनाऱ्याने इथे आली, म्हणजे आपण आत्ता बसलोय त्याच भागात. हल्ला फसला. तेवढ्यात बाजीराव मदतीला आले. त्या मोहिमेत असलेल्या डाउनिंग नावाच्या इंग्रज खलाशाने लिहून ठेवलंय की चिडलेल्या मॅथ्यूजने पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या सेनापतीच्या तोंडात हातातली काठी खुपसली. दोस्तीचा असा समारोप झाला. आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी तह करून टाकला, कुठे, तर वरसोलीला! आज तिथे शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. त्या तहाचा साधा फलकही तिथे नाही.

१७३९ मध्ये वसई पडली. १७४० मध्ये गोव्याच्या मुलखातून मराठी फौजा मागे घ्याव्यात म्हणून पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई देऊन टाकली. सव्वादोनशे वर्षांचा अंमल एका तहात संपला. कान्होजींच्या मागे आंग्र्यांच्या घरात फूट पडली, आणि १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाला जाळलं. घरच्या भांडणात उंबरठा मोडला, एवढंच म्हणतो. त्यानंतर या पाण्यात परवाने देणारं एकच ऑफिस उरलं आणि ते मुंबईत होतं.

सत्ता गेल्या, पण माणसं? कोर्लई गावात जा. तिथले ख्रिस्ती लोक घरात एक भाषा बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. पोर्तुगीज शब्द, आणि वाक्याची ठेवण बरीचशी मराठीची. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज शिपाई, इथल्या धर्मांतरित बाया, त्यांची मुलं, अशी ती जन्माला आली. १७४० मध्ये किल्ला गेला, शिपाई गेले, आणि ही मंडळी आपल्या वाडीत, आपल्या चर्चच्या आधाराने, आजूबाजूच्यांशी मराठीत आणि घरात आपल्या बोलीत बोलत राहिली. सीमा हटली तेव्हा ती काही लोकांच्या तोंडात राहून गेली. आपल्याही तोंडात आहेच की थोडी. पगार, चावी, पाव, बटाटा, काजू, अननस. आणि 'आरमार' हा शब्दसुद्धा 'आर्मादा'वरूनच आलाय असं मानतात.

पुढचा दीड-दोनशे वर्षांचा भाग मी भरभर ओलांडतो. कुलाबा संस्थान १८४० च्या सुमारास खालसा, जंजिरा संस्थान मात्र १९४८ पर्यंत. १९७६ मध्ये आपल्या संसदेने सागरी हद्दींचा कायदा केला. बारा सागरी मैल आपलं पाणी, दोनशे मैलांपर्यंत आपला आर्थिक हक्क. म्हणजे आता पाण्यावर रेषा आहे, नकाशावर छापलेली. पण ती दिसते का कुणाला? १९९३ च्या फेब्रुवारीत शेखाडीला जे उतरलं ते त्या रेषेला अडलं नाही, कारण किनाऱ्यावर बसलेल्या काही माणसांनीच दार उघडं ठेवलं होतं. कस्टम्स आणि पोलीस खात्यातल्या लोकांना न्यायालयाने त्यात दोषी ठरवलं. आणि २००८ नंतर त्याचा सगळा भार कोणावर आला? तुमच्यावर. बायोमेट्रिक कार्ड, बोटीची नोंद, कागदांची तपासणी.

एका तांडेलाने मला मागे विचारलं होतं, "सर, अतिरेकी आला तर आम्हीच सांगायचं, आणि कागद नसला तर आम्हीच अतिरेकी, हे कसं?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज एवढंच सांगू शकतो की हा प्रश्न नवा नाही. चार सत्तांच्या काळातही लहान मचव्यावाल्याला कागद सगळ्यांचे घ्यावे लागत, आणि संकटात एकही सत्ता धावून येत नसे. मोठ्या सावकाराचं जहाज धरलं तर पत्रं जात, तह होत. कोळ्याचा मचवा धरला तर दफ्तरात एक ओळ, कधी तीही नाही.

वेळ झालाय. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : पाकिस्तानच्या तुरुंगात आपले मच्छीमार असतात, त्याचा यात काही संबंध?

थेट संबंध आहे. तिकडे सर क्रीकजवळ सागरी रेषाच ठरलेली नाही, आणि मासा रेषा बघून पोहत नाही. आपल्या राज्यातले जे अडकतात ते जास्त करून पालघरकडचे, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले. मालक एकीकडे, खलाशी दुसरीकडे, पकडणारा तिसरीकडे. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमारांची वेगळी यादी असते. यादीत नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे एवढं घरी कळतं. सुटका कधी, ते दोन देशांचं त्या वेळी कसं चाललंय त्यावर. पिसुर्लेकरांच्या कागदांत असेच धरलेले नाखवे आहेत, आणि त्यांना सोडा म्हणून लिहिलेली पत्रं आहेत. शंभर वर्षांनी कुणी आपल्या काळाचं दफ्तर उघडलं तर त्याला या याद्या सापडतील.

प्रश्न : पिसुर्लेकरांचं मराठी पुस्तक आता मिळतं का?

दुकानात विचारू नका, जुन्या वाचनालयात विचारा. आणि सापडलं तर शेवटची सूची आधी बघा. तिच्यात चौल, रेवदंडा, कोर्लई, दंडा-राजपुरी ही नावं शोधा. आपापल्या गावापासून वाचायला घेतलं तर ते जाड पुस्तक हातातून सुटत नाही.